आजाराचे कान

“बरणी आणलीय ना?” डॉक्टरीणबाईंनी टेबलापलीकडून हात पुढे केला.

उलकानने लगबगीने मांडीवरची पिशवी उघडली आणि मेंढीच्या जठरात भरलेला लोण्याचा गोळा त्या हातावर ठेवला. “यंदाचंच आहे. डोंगरावरचं.”

“लोणी नाही हो आपा,” डॉक्टर म्हणाल्या. तिकडे आईला आणि कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला आपाच म्हणतात. “बरणी. ऑपरेशनात काढलेला भाग ज्यात घालून दिला होता, ती.”

“ती होय! ती घरी आहे. स्वच्छ धुऊन ठेवलीय.”

“आणि आतलं?”

“पुरलं.”

शेजारच्या खुर्चीवर बसलेली तिची सून बेगाइम खिडकीबाहेर बघत होती, ती तशीच बघत राहिली. अनारा डॉक्टरांनी लोणी टेबलावर ठेवलं आणि चष्मा काढला.

“पुरलं म्हणजे?”

“म्हणजे पांढऱ्या कापडात गुंडाळून, दुवा पढून. आमच्या घरच्या कबरींशेजारी.” उलकान जरा ताठ बसली. तिला वाटलं, शहरातल्या बाईला शंका आली असेल, की म्हातारीने कुठे उकिरड्यावर तर टाकलं नाही ना. “सगळं रीतसर केलं.”

“तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, दोन दिवसांत इथं प्रयोगशाळेत पोचवा म्हणून?”

“सांगितलं होतं की.”

“मग?”

“मग काय बाई! जित्या पोरीच्या अंगाचं मांस मी कुणा अनोळखी माणसाच्या खिडकीत देऊन येऊ? तुमचं बघून झालं की काय करता त्याचं?”

डॉक्टर चष्मा पुसू लागल्या.

“जाळता ना?”

“जाळतो.”

“तेच,” उलकान म्हणाली. आपली बाजू सिद्ध झाली असं तिला वाटलं.

तिची बाजू म्हणजे तिच्या नवऱ्याचा पाय होता. सामूहिक शेतीच्या दिवसांत सागिनचा डावा पाय ट्रॅक्टरखाली सापडला. गुडघ्याखालून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, तो पाय कुठे आहे हा. दवाखान्यातल्या कुणीतरी सांगून टाकलं, बंबात घातला. त्यानंतर माणूस पुष्कळ वर्षं जगला, मेंढ्या राखल्या, एका पायावर नाचलासुद्धा. पण नसलेलं पाऊल त्याला सारखं खाजायचं. तो रिकाम्या हवेत खाजवायचा आणि म्हणायचा, “उलकान, त्याला माती मिळाली नाही ना, म्हणून तो बोलावतोय.” मरताना त्याला एकच घोर होता, वर गेल्यावर लंगडत उभं राहावं लागेल. उलकानने तेव्हा मनाशी खूणगाठ बांधली होती, की आपल्या घरातल्या कुणाचं काही पुन्हा असं बेवारस जाऊ द्यायचं नाही.

म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात, तिनेच घरून नेलेल्या मुरंब्याच्या बरणीत सुनेचा स्तन घालून तिच्या हातात दिला, तेव्हा काय करायचं याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. ते नाकात झोंबणारं पाणी तिने ओतून टाकलं. आपल्या हातांनी, लेकराला न्हाऊ घालावं तसं, ते धुतलं. सागिनच्या कबरीच्या पायथ्याशी खड्डा खणला. घरी येऊन तिने, मयतामागे करतात तसे, कणकेचे बोर्सोक तेलात तळले आणि चार घरी वाटले. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

“आपा, ऐका,” अनारा डॉक्टर म्हणाल्या. त्या मूळच्या उलकानच्याच भागातल्या, नारीनकडच्या. रागावून झालं की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची. “शरीर पेशींचं बनलेलं असतं. पेशीच्या अंगावर कान असतात. आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो, प्रथिनाचे बनलेले असतात. बाहेरून हुकूम येतो, वाढा. कान तो ऐकतात आणि आत कळवतात. धडधाकट पेशीला कान मोजके, म्हणून ती बेतानं वाढते. पण या आजारात काही काही बायकांच्या पेशींवर असे कान नुसते पिकतात. शंभरपट. मग कुणी हुकूम दिला नाही तरी ते आपापसांत ओरडत बसतात, वाढा, वाढा, वाढा. तो आजार वणव्यासारखा पसरतो.”

“सगळ्यांच्यात नसतात?”

“पाचात एकीच्या. आणि आता त्या एकीसाठी औषध आहे. नेमकं त्या कानांत बोळा घालणारं. बाकीच्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून आधी तुकड्याला रंग लावून बघतात. कान असले की पेशीच्या कडा तपकिरी होतात. तसा कागद आला, तरच सरकारकडून औषध मिळतं.”

“मेंढीसारखं,” उलकान सावकाश म्हणाली. “कानाची चीर बघून कळप ओळखायचा.”

“अगदी तसंच. पण कान बघायला मेंढी तर हवी ना, आपा.”

आता कुठे उलकानला उमगलं. “सुईनं पाणी काढून बघितलं होतं की तालुक्याला. त्यावरूनच तर आजार कळला.”

“त्या थेंबभर पाण्यातून आजार कळतो. कान बघायला धड तुकडा लागतो. तो बरणीत होता.”

“मग दुसरा काढा. माझ्यासमोर काढा, मी आत्ता नेऊन देते.”

डॉक्टरांनी बेगाइमकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. “कुठून काढू? होतं नव्हतं ते सगळं त्यांनी कापलंय, काखेतलंसुद्धा. आता पुन्हा तुकडा मिळायचा, तर आजार परत यायला हवा.”

बेगाइम पहिल्यांदाच बोलली. शाळेच्या भटारखान्यात शंभर पोरांना दरडावून जेवू घालणारी बाई ती. आवाज खणखणीत होता. “म्हणजे देवाकडं काय मागायचं, तेवढं सांगा डॉक्टर. यावा की न यावा?”

डॉक्टरांनी कागदावर नेहमीची औषधं लिहिली, केस गळणारी, उलट्या होणारी. लिहिता लिहिता त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “निदान जमीन लगेच गोठली असती, तर गोष्ट वेगळी.” बोलून गेल्याबरोबर त्यांना पश्चात्ताप झाला असावा, कारण पुढे त्या म्हणाल्या, “नाही हो, तसंही नाही.” पण उलकानने पहिलंच वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं.

दोघी टॅक्सीने परत निघाल्या. दोलोन खिंडीत बर्फ लागलं, तेव्हा उलकान म्हणाली, “मी ते उकरते.”

“काय?”

“तुझं. उकरून नेऊन देते.”

बेगाइमने शाल नाकापर्यंत ओढून घेतली. “एकदा पुरलंत, आता उकरा. तिसऱ्या खेपेला मात्र नीट एकदाच काय ते करा.”

कबर उकरणं हे पाप. ते उलकानला कुणी शिकवायला नको होतं. ती सकाळी मोल्दोंच्या दारात गेली आणि उंबऱ्यावरूनच सगळं सांगितलं. गावचे हे मौलवी तिच्याहून वयाने लहान, तिच्याच हातचं दूध पिऊन वाढलेले. त्यांनी दाढीवरून दोनदा हात फिरवला.

“ज्याचं आहे ते माणूस जिवंत आहे?”

“जिवंत आहे.”

“त्याला परत हवंय?”

“हवंय.”

“मग ती कबर नाही, आपा. ठेव आहे. मागून घेऊ,” असं म्हणून त्यांनी भिंतीला टेकलेली पहार उचलली.

नोव्हेंबर संपत आला होता. वरची हातभर माती दगड झाली होती. पहार मारली की ठिणगी उडायची. मोल्दो घामाघूम झाले. “शेणी पेटवू का वर? थंडीतल्या मयताला आपण तसंच करतो.”

“नको! उष्णतेनं ते बिघडतं म्हणे,” उलकान ओरडली आणि त्यांच्या हातातून पहार ओढून घेतली. वय झालेली बाई. पण गोठ्यात उभा जन्म गेलेले हात होते. ती खणताना प्रत्येक घावाला मनात म्हणत होती, गोठलेलं असू दे, गोठलेलं असू दे. वरचा थर फुटला आणि खालची माती मऊ, ओलसर लागली. पायथ्याशी तिने मुद्दाम खोल खणलं होतं, कोल्ह्यांच्या भीतीने. गारठा तिथवर पोचलाच नव्हता. कापड वर आलं तेव्हा मोल्दोंनी तोंड फिरवलं. उलकानने फिरवलं नाही. वासावरूनच तिला कळायला हवं होतं, कळलंही असेल. पण कळूनही माणूस आशा सोडत नाही. तिने बादलीत बर्फ भरलं, वर ते कापड, वर पुन्हा बर्फ.

टॅक्सीवाल्याने बादली मागे ठेवायला सांगितली. तिने ती पायांतच घेतली.

“मांस का, आपा? शहरात लेकीकडं?”

“हो.”

“घरचं?”

“घरचंच,” उलकान म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं.

अनारा डॉक्टरांनी बादलीत एकदा पाहिलं. त्या रागावतील म्हणून उलकान खांदे पाडून उभी होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हातमोजे घातले, बादली उचलली आणि स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिली. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं ते थोडकं होतं. कुजलेल्या मांसावर रंग चढतो, पण कुठेही चढतो. कान होते की नव्हते, कुणी सांगू शकणार नाही.

तो हिवाळा तसा गेला. बेगाइम नेहमीची औषधं घ्यायला शहरात जायची, येऊन पडायची, उठायची, पुन्हा भटारखान्यात जायची. केस गेल्यावर तिने डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधला. शाळेतल्या पोरांना सांगितलं, सूपमध्ये केस सापडतो अशी तक्रार होती ना, घ्या, मिटवली. घरात उलकान तिला काडी उचलू द्यायची नाही. सून बसलीय आणि सासू चहा ओततेय हे बघून शेजारणी कुजबुजायच्या. कुजबुजू देत. उलकानचा मुलगा एर्मेक तिकडे रशियात, क्रास्नोयार्स्कला इमारतींवर कामाला होता. त्याला आजाराचं सांगितलं होतं. बरणीचं नव्हतं सांगितलं. असं फोनवर कसं सांगणार, आला की समोर बसवून सांगू, असं उलकान म्हणायची. बेगाइम त्यावर विषय बदलायची.

जूनमध्ये, गावची गुरं वर कुरणात निघाली त्या सुमाराला, टाक्याच्या वणावर मुगाएवढे दाणे आले. शहरात तपासलं तर यकृतातही होते.

म्हणजे आजार परत आला होता. म्हणजे तुकडा मिळणार होता.

डॉक्टरांनी वणावरचा एक दाणा कापून काढला. या खेपेला बाटली दवाखान्याची होती आणि आत झोंबणारं पाणी काठोकाठ होतं. आवार ओलांडून पलीकडे प्रयोगशाळा. नेणारा माणूस होता. पण उलकानने ती बाटली कुणाला दिली नाही. दोन्ही हातांत धरून नेली, खिडकीतल्या बाईच्या हातात दिली आणि बाटली आत जाऊन दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलली नाही.

उत्तर यायचे ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस होते. नवरा गेला तेव्हाचेही इतके वाईट नव्हते. बेगाइमला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. उलकान खाली अंगणातल्या बाकावर बसायची, पाव तोडून चिमण्यांना घालायची आणि दुवा मागायची. कान असू देत. औषध मिळू दे. दुवा मागता मागता एका दुपारी तिच्या ध्यानात आलं, की जीभ एक मागतेय आणि आत कुणीतरी दुसरंच मागतंय. कान नसू देत. नसले, तर ते औषध तेव्हाही फुकटच गेलं असतं. मग बरणीनं काही बिघडलं नाही. मग मी पोरीला मारलं नाही.

तिने आपल्याच तोंडात मारून घेतली. शेजारी बसलेला म्हातारा दचकून बघायला लागला. “माशी,” असं त्याला सांगून ती उठली. पण उठून जाणार कुठे? ते मागणारं तिच्याबरोबरच उठलं. जिन्यावर बरोबर होतं, बेगाइमचे पाय चेपताना बरोबर होतं. पोरगी मरो पण मी सुटो, असा त्याचा सरळ अर्थ होता, आणि उलकान आयुष्यभर स्वतःला भली बाई समजत आली होती.

अनारा डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा ती एकटीच गेली.

“कान आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “भरपूर. कडा अशा गडद उठल्यात, की रंगाबद्दल शंकाच नको.”

“शुकुर, देवा,” उलकानच्या तोंडून निघालं. मोठ्याने निघालं. तिचे हात आपोआप चेहऱ्यावरून फिरले. मग तिने खुर्ची चाचपली आणि बसली. आतलं ते दुसरं मागणं तिने क्षणभर शोधलं. ते गप्प झालं होतं.

“औषध उद्यापासून सुरू करू. पण आपा, यकृतात पोचलंय. आता हे उपटून निघायचं नाही. रोखून धरता येईल. वर्ष, दोन वर्षं. कुणाला जास्तही मिळतात.”

“आणि तेव्हाच दिलं असतं तर?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खोटं बोलायची सोय होती. म्हातारीनेच ती ठेवली होती, खाली बघून. “बऱ्याच जणींचा आजार मग परत येत नाही.”

“बऱ्याच म्हणजे निम्म्या?”

“निम्म्याहून पुष्कळ जास्त.”

उलकानने मान हलवली. उठताना तिने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला.

बेगाइम भिंतीकडच्या खाटेवर होती. दुसऱ्या कसल्या तरी औषधाची नळी हाताला लावलेली. चेहरा पिवळा पडला होता, त्यात डोळे मोठे दिसत होते.

“काय म्हणाल्या?”

“आहेत. भरपूर आहेत. उद्यापासून देणार.”

बेगाइमने डोळे मिटले आणि श्वास सोडला. उलकान खाटेच्या कडेला बसली. हे आत्ता बोललो नाही तर कधीच बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

“पोरी, मी त्यांना विचारलं. तेव्हाच मिळालं असतं तर…”

“मला माहितीय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“मी हिवाळ्यातच विचारलं होतं. कान निघाले तर काय, न निघाले तर काय. मला पण तोंड आहे की.”

“मग मला बोलली का नाहीस एका शब्दानं?”

“काय बोलायचं? रागावले होते. आठवडाभर तुमच्या हातचा चहा मला विषासारखा लागत होता. पीत होते, दुसरा करणार कोण?” ती थांबली. बोलताना तिला धाप लागत होती. “मग तुम्ही बादली घेऊन निघालात, ते खिडकीतून बघितलं. राग गेला असं नाही म्हणत मी. पण तो धरून बसायला अंगात जोर लागतो, आपा.”

उलकानला रडू आलं नाही. येतं तर बरं झालं असतं. “एर्मेकला मी सगळं सांगणार आहे. तो म्हणेल ते ऐकून घेईन. थुंकला तोंडावर तरी पुसणार नाही.”

“नाही सांगायचं.”

“सांगायलाच हवं. माझ्यानं हे…”

“आपा.” बेगाइमने मोकळ्या हाताने तिचं मनगट पकडलं. पकडीत मुळीच जोर नव्हता. “त्याचा स्वभाव तुम्हाला माहितीय. घोड्यानं एकदा लाथ मारली, तर घोडा मरेपर्यंत त्याच्याकडं बघितलं नाही यानं. तुमच्याकडं बघेल? मुलांना उचलून घेऊन जाईल तिकडं, त्या बराकीत. सेझिम आठ वर्षांची आहे, धाकटा अजून अंथरूण ओलं करतो. माझ्यामागं त्यांना तुमच्याजवळ राहायचंय. सांगितलंत तर तुम्ही मोकळ्या व्हाल, आणि ती दोघं उघड्यावर पडतील.”

“पण मी हे पोटात ठेवून कशी जगू गं?”

“ठेवायचं. माझ्या पोटात नाहीय का?”

उलकानने सुनेचा हात उचलून चादरीवर नीट ठेवला.

फोन वाजला तो त्यानंतर थोड्याच वेळाने. दुपारच्या सुट्टीत एर्मेक रोज तोंड दाखवायचा. पडद्यावर आधी पिवळं शिरस्त्राण आलं, मग त्याचा सिमेंटने माखलेला चेहरा.

“आपा, काय झालं? आलं का उत्तर?”

उलकानने बेगाइमकडे पाहिलं. बेगाइम तिच्याकडेच बघत होती.

“आलं. औषध सापडलं,” उलकान म्हणाली. “उद्यापासून देतायत.”

तिकडे यंत्रांच्या आवाजात तो गडी हुंदके देऊन रडायला लागला, चारचौघांत, शिरस्त्राण घातलेलाच. “आपा, तुम्ही होतात म्हणून. मी मेला इथं अडकलो आणि तुम्ही या वयात बर्फातून तिला घेऊन हिंडलात. दुसरी सासू असती तर… आपा, तुमचे उपकार मी कसे…”

“बरं बरं,” उलकान म्हणाली. “तिच्याशी बोल. तिला दम लागतो, फार बोलायला लावू नकोस.”

बेगाइमच्या एका हाताला नळी होती आणि दुसरा उचलत नव्हता, म्हणून उलकानने फोन तिच्या तोंडासमोर धरला. पडद्याच्या कोपऱ्यात बेगाइमचा फुलाफुलांचा रुमाल दिसत होता आणि त्याला लागून उलकानचा अर्धा चेहरा. एर्मेक अजून “आपा, आपा” म्हणत होता. उलकानने दंड ताणला, मान मागे घेतली, पाठ पार भिंतीला टेकवली, तेव्हा कुठे ती चित्रातून बाहेर गेली आणि बेगाइम एकटी उरली. मग ती दोघं बोलत राहिली. हात भरून आला तरी उलकानने तो खाली घेतला नाही.